मासा, माशी आणि माणूस

मराठीत मासा आणि माशी हे दोन शब्द सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. नुकतेच व्याकरण शिकू लागलेल्या मुलाने घोडा-घोडी, बकरा-बकरी या चालीवर ‘मासा-माशी’ अशी जोडी लिहिली, तर शिक्षकाला तांबड्या शाईची फुली मारावी लागते. पण ती मारताना ओठांवर हसू येतेच. व्याकरणाने नाकारलेले हे नाते निसर्गाने मात्र मान्य केले आहे. ओढ्याकाठी भिरभिरणाऱ्या कितीतरी माश्यांचा जन्म पाण्यात होतो आणि त्यांतल्या कितीतरींचा शेवट माशाच्या पोटात होतो. हा व्यवहार दोघांमध्ये युगानुयुगे बिनबोभाट चालला होता. मग त्यात एक तिसरा शिरला. त्याने कोंबड्याचे पीस घेतले, लोकरीचा धागा घेतला, बारीक गळाभोवती ते गुंडाळले आणि मासा फसेल अशी माशी तयार केली. हा तिसरा म्हणजे अर्थातच माणूस.

अशा पिसाच्या माशीने मासे धरण्याच्या छंदाला इंग्रजीत ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात. आपल्याकडे तो फारसा रुजला नाही. आपला गळ म्हणजे कळकाची काठी, तंगूस, शिशाचा मणी, आणि टोकाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. पण काठी साधी असो की विलायती, आपल्या भाषेने गळाविषयी कधी चांगले बोललेले नाही. ‘गळाला लागला’ म्हणजे फसला. ‘आमिष दाखवले’ म्हणजे कुणाचे तरी इमान विकत घेऊ पाहिले. किनाऱ्यावरची आणि नदीकाठची कितीतरी घरे ज्या धंद्यावर उभी आहेत, त्याची अवजारे भाषेने निंदेसाठी वापरावीत हे विचित्र खरे. परंतु भाषा येथे मासेमारीला दोष देत नाही, असे मला वाटते. तिचा रोख फसवणुकीवर आहे. आणि पिसाची माशी म्हणजे तर निव्वळ फसवणूक! गांडुळात निदान एक घास तरी असतो; पिसात तोही नाही.

म्हणून या छंदाच्या निमित्ताने एक जुना प्रश्न नव्याने समोर येतो. पोटासाठी नव्हे, आनंदासाठी एखाद्या जिवाला फसवावे काय? आणि फसवून, धरून, मग सोडून दिले, तर हिशेब फिटतो काय?

प्रश्नाकडे वळण्यापूर्वी छंदाची बाजू नीट मांडली पाहिजे. ज्याची गोडी ठाऊक नाही त्याच्यावर निकाल देणे सोपे असते. पण त्या निकालाला किंमत नसते.

साध्या गळात वजन टोकाला असते. शिसे आणि आमिष यांना झोका दिला की ते आपल्यामागे दोरी ओढत नेते. पिसाच्या माशीला वजनच नाही. ती फेकायची म्हटले तर फुंकरीने उडालेल्या म्हातारीसारखी वाटेल तिकडे जाईल. म्हणून येथे दोरीच जड केलेली असते आणि फेकायची असते ती दोरी. काठी मागे न्यावयाची, थांबावयाचे. मागे गेलेली दोरी हवेत सरळ होऊ द्यावयाची. आणि ती सरळ झाली की काठी पुढे आणून थांबवावयाची. मग दोरी उलगडत जाते आणि शेवटी माशी पाण्यावर अलगद उतरते, जणू आपल्याच मनाने उतरली. सारी विद्या त्या मागच्या थांबण्यात आहे. दोरी आपल्या पाठीमागे असते, डोळ्यांना दिसत नाही. ती सरळ झाल्याचे मनगटाला कळावे लागते. थांबणे कमी पडले तर बैलगाडीवाल्याच्या आसुडासारखा आवाज निघतो आणि टोकाची माशी तुटून जाते. थांबणे जास्त झाले तर दोरी मागच्या बाभळीत. जोर लावणाऱ्याला ही विद्या येत नाही. जोर कमी करणाऱ्याला येते.

शिकाऊ माणसाने प्रथम पाण्यावर जाऊच नये, असे जाणकार सांगतात. गळ काढून टाकावा, दोरीच्या टोकाला लोकरीचा गोंडा बांधावा आणि मैदानावर सराव करावा. चाळिशी ओलांडल्यावर मी ही विद्या शिकू लागलो, तेव्हा संध्याकाळी शाळा सुटल्यावर आमचे मैदानच मला सापडले. कबड्डी खेळणारी मुले खेळ थांबवून पाहू लागली. त्यांतल्या एकाने अखेर धीर करून विचारले, “सर, गवतात कुठले मासे आहेत?” मी म्हटले, “मासे नाहीत म्हणूनच येथे शिकतोय.” त्याला ते उत्तर पटले नाही, पण आठ दिवसांत तोच मुलगा माझ्यापेक्षा लांब दोरी टाकू लागला. मोठ्या माणसाने मुलांच्या देखत काहीतरी नव्याने शिकावे, ही गोष्ट शाळेला फार मानवते. रोज चुका काढणारा माणूस स्वतः अडखळताना दिसला, की वर्गातील हवा बदलते. एवढ्यासाठीसुद्धा शिक्षकाने दर पाच-दहा वर्षांनी एखाद्या विद्येचा विद्यार्थी व्हावे.

दोरी वळू लागल्यावर दुसरा धडा सुरू होतो, तो नदीचा. कोणती माशी बांधावी हे दुकानदार सांगत नाही, ओढा सांगतो. पाण्यातला एक धोंडा उलटा करून पाहावा. त्याच्या पोटाला चिकटलेले लहान लहान जीव दिसतात. त्यांतले काही महिनोन्‌महिने, काही तर वर्षभर पाण्याखाली वाढतात, आणि मग एका संध्याकाळी पंख फुटून वर येतात. काहींचे हे पंखांचे आयुष्य अवघे एक-दोन दिवसांचे असते. त्यांना तोंड असून खाता येत नाही. जन्मभर जे खायचे ते पाण्याखाली खाल्ले; आता फक्त उडायचे आणि अंडी घालायची. हे एकदा पाहिले की ओढ्यावरच्या चिलटांकडेही माणूस आदराने पाहू लागतो. माशी बांधणाऱ्याला त्यांचा रंग, आकार, पाण्यावर बसण्याची रीत, सारे निरखावे लागते. फसवण्यासाठी का होईना, तो दुसऱ्या जिवाच्या डोळ्यांनी जगाकडे पाहायला शिकतो. कादंबरीकाराचा धंदा यापेक्षा फारसा वेगळा नाही. तोही खोट्या माणसांना खऱ्याचे पंख लावून वाचकांच्या प्रवाहात सोडतो. फरक इतकाच, की कादंबरीचा वाचक फसायला स्वखुशीने आलेला असतो.

ही विद्या आजकालची नाही. एलियन नावाच्या रोमन लेखकाने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी मॅसिडोनियातील एका नदीवरच्या लोकांचे वर्णन लिहून ठेवले आहे. ते गळाला तांबडी लोकर गुंडाळत, तिच्यावर कोंबड्याची दोन पिसे बसवत आणि ठिपक्याठिपक्यांचे मासे धरत. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचे गळावरचे प्रसिद्ध पुस्तक १६५३ मध्ये निघाले. पिसाच्या माशीवरचा मोठा भाग त्याला चार्ल्स कॉटनने १६७६ मध्ये जोडला.

आपणही यात मागे नव्हतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ते कल्याण म्हणजे आजचे सीमाभागातील बसवकल्याण. राजाच्या करमणुकींमध्ये त्याने ‘मत्स्यविनोद’ सांगितला आहे: माशांच्या जाती कोणत्या, काठी कशी, दोरी कशी, कोणत्या माशाला कोणते खाद्य आवडते. आणि गंमत अशी, की मराठीतील अत्यंत जुन्या पदांपैकी काही ओळी याच ग्रंथात जपल्या गेल्या. त्या दशावतारांच्या आहेत आणि त्यांत मत्स्यावताराचेही वर्णन आहे. एकाच ग्रंथात मासा वेद वाचवणारा देवही आहे आणि राजाच्या गळाला लागणारी करमणूकही. आपल्या मनातला हा दुहेरीपणा नऊशे वर्षांचा तरी आहे.

आता प्रश्नाकडे वळतो. तो मला पुस्तकाने विचारला नाही. गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला, जेथे पाणी पसरून उथळ होते, तेथे एका सकाळी माझ्या माशीला वीतभर लांबीचा एक चंदेरी मासा लागला. सोबतच्या मित्राने शिकवल्याप्रमाणे मी हात पाण्यात भिजवले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि त्याला रोग जडतो. गळ अलगद काढला, मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला. क्षणभर तो तळव्यात स्थिर राहिला आणि मग निसटला. मित्र म्हणाला, “पुण्य लागलं!” मलाही आतून काहीसे उदार झाल्यासारखे वाटले. जवळच एक म्हातारे भोईबाबा जाळ्याच्या गाठी सोडवत बसले होते. ते हसले आणि म्हणाले, “गुर्जी, सोडायचाच व्हता, त धरला कशाला?”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. आणि या एका वाक्याला पुरे पडेल असे उत्तर शोधू गेले, की बरीच मोठी पुस्तके अपुरी पडतात.

भोईबाबांना कोणी हा प्रश्न विचारला असता, तर त्यांच्याजवळ उत्तर तयार होते: घरी खाणारी तोंडे आहेत. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त सहाव्या अंकाच्या आरंभी एक कोळी येतो. रोहित माशाच्या पोटात त्याला राजाची अंगठी सापडलेली असते आणि शिपाई त्याला चोर म्हणून धरून आणतात. वर त्याच्या धंद्याची थट्टाही करतात. तो गरीब माणूस त्यांना सांगतो, की जन्माने आलेले काम निंद्य असले तरी टाकता येत नाही. मनाने दयाळू असलेल्या वेदवेत्त्यालाही यज्ञात पशू मारण्याचे कठोर काम करावेच लागते. कालिदासाने हा युक्तिवाद राजाच्या तोंडी घातला नाही, कोळ्याच्या तोंडी घातला. भूक आणि कर्तव्य या दोन कारणांनी होणाऱ्या हिंसेला माणसाने नेहमीच वेगळ्या तराजूत तोलले आहे. माझ्याजवळ मात्र भूकही नव्हती आणि कर्तव्यही नव्हते. होता तो नुसता आनंद.

सोडून देण्याच्या बाजूने सामान्यतः दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली अशी, की माशाला काही कळत नाही. तो थंड रक्ताचा प्राणी. ही समजूत आता पूर्वीइतकी निश्चिंत राहिलेली नाही. २००३ मध्ये लिन स्नेडन या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडिंबरोजवळ ट्राउट माशांवर प्रयोग केले. त्यांच्या ओठांत इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचे दाखवले. ज्यांच्या ओठांत मधमाशीचे विष किंवा आम्ल टोचले, त्या माशांचा श्वास जलद झाला. काहींनी ओठ तळाच्या खड्यांवर घासले. आणि सुमारे तीन तास त्यांनी अन्नाला तोंड लावले नाही. याला दुःख म्हणावे की नाही, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे; दुःख जाणवायला लागणारा मेंदूचा भागच माशाला नाही, असे म्हणणारेही आहेत. तो वाद शास्त्रज्ञांनी मिटवावा. परंतु आपल्या रोजच्या नीतीत एक साधा नियम आहे: पोत्यात माणूस असेल अशी शंका जरी आली, तरी त्या पोत्याला लाथ मारू नये.

दुसरी गोष्ट अशी, की मासा सोडला म्हणजे नदीत मासे राहतात. अमेरिकेतील ली वुल्फ या प्रसिद्ध गळबहाद्दराने १९३९ मध्येच सांगितले होते, की चांगला मासा एकदाच धरण्याइतका स्वस्त नसतो. हा विचार शहाणपणाचा आहे यात शंका नाही; पण तो दयेचा नाही, काटकसरीचा आहे. आज सोडलेला मासा उद्या पुन्हा धरता यावा, ही तिजोरी सांभाळणाऱ्याची दृष्टी झाली. जर्मनीत तर कायदा याच्या अगदी उलट बोलतो. योग्य कारणावाचून प्राण्याला वेदना देऊ नये, असे तेथील प्राणिसंरक्षण कायदा सांगतो. खाण्यासाठी मासा धरणे हे कारण मानले जाते, आणि मुळात सोडूनच द्यायचा म्हणून धरणे हे कारण मानले जात नाही. भोईबाबांचा प्रश्न आणि जर्मन कायदा यांची अशी गाठ पडते.

मग माझ्या त्या उदारपणाचे काय? मला वाटते, येथेच गोम आहे. रस्त्यात पडलेल्याला हात देऊन उठवले, तर ती दया होय. आपणच ढकलून पाडले आणि मग हात दिला, तर तिला दया म्हणता येत नाही. सोडलेल्या माशाला मी काहीच दिले नव्हते. त्याचे होते ते त्याला परत केले, तेही ओठाला जखम करून. सावकाराने खोटी जप्ती आणावी, आणि मग भांडी परत करताना घरच्यांनी आपल्याला दुवा द्यावा अशी अपेक्षा धरावी, तसे ते होईल. सोडण्याने हिंसा कमी होते हे खरे. मारण्यापेक्षा सोडणे बरे हेही खरे. पण त्या सोडण्याने पुण्य जमा होत नाही. फार तर कर्जाचा एक हप्ता फिटतो.

तर मग काठी मोडून चुलीत घालावी काय? निकाल इतका सोपा असता तर मी हा लेख लिहिला नसता. दुसऱ्या बाजूलाही वजन आहे, आणि त्याची एक गोष्ट महाराष्ट्रातच सुरू होते.

कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी दख्खनभर हिंडून भीमेच्या खोऱ्यातल्या माशांची टिपणे करत होता. १८३९ मध्ये त्याने ती विद्वानांपुढे मांडली. त्याचा एक मोठा गुण असा, की नव्या माशांना नावे देताना त्याने अनेकदा आपल्या मराठी माणसांच्या तोंडचीच नावे घेतली. म्हणून दख्खनच्या महाशीर माशाला आजही जगभरचे शास्त्रज्ञ ‘खुद्री’ या आपल्याच नावाने ओळखतात. पुढे हा मासा कमी होऊ लागला. तेव्हा लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या तलावाशी त्याची कृत्रिम पैदास करण्याचे काम १९७० नंतरच्या दशकात उभे राहिले, आणि त्याची पिले देशातील अनेक जलाशयांत सोडली गेली. त्यांत कावेरीही होती. हेतू निर्मळ होता: मासा वाढावा.

पण कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता. पाठीला उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, जगातल्या मोठ्या महाशिरांपैकी एक. मराठी नावाचा पाहुणा वाढत गेला आणि घरचा यजमान दिसेनासा होऊ लागला. हे कोणाच्या लक्षात आले? कावेरीवर मासे धरून सोडणाऱ्या हौशी मंडळींच्या वह्यांमुळे आले. त्यांनी १९९८ ते २०१२ या काळात धरलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्या नोंदी तपासून शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये धोक्याची घंटा वाजवली. २०१८ मध्ये त्या माशाचे शास्त्रीय नाव निश्चित झाले, आणि त्याच वर्षी तो नष्ट होण्याच्या अगदी कडेला पोहोचलेल्या प्राण्यांच्या यादीत गेला.

या गोष्टीत दोन धडे आहेत, आणि दोन्ही एकमेकांना टोचतात. पहिला असा, की नदीत गळ टाकून उभा राहणारा माणूस नदीचा साक्षीदारही असतो. काठावरून नमस्कार करून जाणाऱ्याला जे कळत नाही, ते कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्याला कळते. दुसरा असा, की चांगल्या हेतूने सोडलेला मासासुद्धा अनर्थ करू शकतो. धरणे वाईट आणि सोडणे चांगले, इतकी सरळ वाटणी नदी मान्य करत नाही.

धरूच नये, हा मार्गही आपल्या लोकांनी चालून पाहिला आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तेथे वरदायिनी देवीच्या डोहात महाशीर माशांचे थवे निर्धास्त फिरतात. लोक त्यांना खाऊ घालतात, कोणी धरत नाही. आपल्या त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावून पश्चिमेला जाणाऱ्या वैतरणेवर, वाडा तालुक्यात तिळसे येथे महादेवाच्या देवळापाशीही असेच मासे राखलेले आहेत. कायदा नाही, शिपाई नाही. नुसत्या श्रद्धेने ते जगले. ही आपल्या परंपरेतली फार मोठी गोष्ट आहे. मात्र श्रद्धेलाही हद्द असते. डोह देवाचा, आणि त्याच्या वरचे-खालचे पाणी कुणाचेच नाही, असे पुष्कळदा होते. आमच्या नाशिकला गोदावरीच्या पाण्याला हात लावून लोक तो हात डोळ्यांना लावतात. आणि तीच गोदावरी गावाखाली सांडपाणी घेऊन, पाणवेलींनी गुदमरत पुढे जाते. गोदावरीत गळ टाकणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील. गटार सोडणारे आपण सारेच आहोत. ज्याने कधी मासा धरला नाही, खाल्ला नाही, तोही या हिंसेतून मोकळा नाही. एका गळाने एक मासा दुखावतो. घाणीने मात्र त्याचे पाणीच हिरावले जाते.

म्हणून मला वाटते, आपण प्रश्न थोडा बदलला पाहिजे. ‘मी निष्पाप आहे काय?’ हा प्रश्न नदीकाठी व्यर्थ आहे. तिचे पाणी पिणारा कोणीच निष्पाप नाही. विचारायचे ते असे: ‘मी कुणाचा देणेकरी आहे, आणि ते देणे मी मानतो काय?’ आपल्या घरांत हा विचार नवा नाही. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे. आपण ज्यांच्यावर जगतो त्या जिवांचा वाटा आधी काढून ठेवायचा. दिवाळीचा पहिला दिवाही बहुतेक घरांत वसुबारसेला लागतो. त्या दिवशी सवत्स गाईची पूजा होते आणि पुष्कळ घरांत गाईचे दूध, तूप खात नाहीत. वर्षभर वासराच्या तोंडचे घेतो, हे निदान एक दिवस तरी कबूल करायचे. आजीने कधी ‘मी गाईवर दया करते’ असे म्हटल्याचे ऐकिवात नाही. ती गाईच्या पायावर पाणी घालते आणि हात जोडते. त्यात दात्याचा तोरा नसतो, ऋणकोची नम्रता असते.

मासा धरून सोडणाऱ्याने हीच नम्रता शिकली पाहिजे. मग त्याचे आचरण आपोआप बदलेल. गळाचा उलटा काटा तो पकडीने दाबून टाकील, म्हणजे जखम लहान होईल आणि गळ चटकन निघेल. विणीच्या दिवसांत तो काठी बाहेर काढणार नाही. फोटोसाठी माशाला हवेत तिष्ठत ठेवणार नाही. एका सकाळी पन्नास मासे धरून सोडले, ही बढाई त्याला पन्नास वेळा कर्ज काढल्याच्या बढाईसारखी वाटेल. जे पाहिले त्याची तो वही ठेवील. आणि नदीत घाण सोडणाऱ्याविरुद्ध अर्ज करण्याची वेळ आली, तर पहिली सही त्याची असेल, कारण व्याज त्याच्याकडेच थकलेले आहे.

एवढे करूनही भोईबाबांचे वाक्य पुरते मिटत नाही, आणि ते मिटू नये हेच बरे. त्या वाक्याची धार प्रत्येक वेळी काठी उचलताना हाताला लागली पाहिजे. मात्र स्वतःला तपासण्यासाठी एक साधी कसोटी मला सापडली आहे, आणि ती माझ्या वर्गातल्या मुलांनाही मी सांगतो, कारण ती केवळ माशांपुरती नाही. दोरी वळण्याचे कौशल्य, पाणी वाचण्याची दृष्टी, धोंड्याखालचे जीव ओळखण्याचा आनंद, पहाटेचे धुके, मागे थांबण्याचा तो क्षण: या छंदातले बहुतेक सारे धन गळाच्या टोकावाचून मिळते. गवतात मासे नसतानाही शिकता येते. राहिलेला भाग तेवढा गळाच्या टोकाशी असतो. दुसरा जीव आपल्या हातात धडपडतो, त्या जाणिवेचा. आनंदाचा सारा उगम त्या शेवटच्या भागात असेल, तर आपले प्रेम नदीवर नाही, आपल्या सत्तेवर आहे. तसे नसेल, तर काठी घरी ठेवूनही आपण नदीवर जाऊ, धोंडा उलटून पाहू, आणि तो पुन्हा होता तसा ठेवून येऊ.

नदीवर जायला ज्याला काठी लागत नाही, त्याच्याच हाती ती द्यावी.